रुमालाखालचा भाव

१०-११-५६, शनिवार. चाकण

आज मामंजी बाजारातून आले ते वाहवा घेऊनच. आमची थोराड बैलजोडी विकली, मंचरकडच्या कुणी घेतली. सौदा झाला, नोटा हातात आल्या, आणि मामंजी त्या माणसाच्या मागे बाजारतळाच्या टोकापर्यंत धावत गेले. "पोरा, जास्ती दिलंस, चुकलास," म्हणून निम्म्याहून जास्त पैसे त्याला परत दिले. तो म्हणे आ वासून उभा राहिला. मग खिशात घालून चालता झाला. होणारच की!

सगळा बाजार म्हणतोय, रावजी दलाल म्हणजे देवमाणूस. गल्लीतल्या दोघी-तिघी मुद्दाम दारात येऊन सांगून गेल्या. माझीही मान ताठ झाली होती, खोटं कशाला बोलू. आत्याबाई मात्र भाकरी थापत राहिल्या. सासरा देव झाला आणि सासू तोंडातून शब्द काढत नाही, हे काय गौडबंगाल?

वहीत इथून पुढे मामंजींना नुसतं मा. लिहीन. कुणाच्या हाती लागली तर निदान पहिल्या ओळीला तरी कळू नये.

११-११-५६, रवि.

ह्यांची आज सुट्टी. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यातून कालच सायकल हाणत आले. त्यांना विचारलं, जोडी कितीला ठरली होती? सातशेला, नोटा मोजताना सगळ्यांनी बघितल्या. घरी किती आले? दोनशे.

"आबा आहेतच तसे," म्हणाले आणि पांघरूण ओढून झोपले. म्हणजे पाचशे रुपये रस्त्यात सोडून आल्याचं कौतुक! माझे वडील तळेगावला मास्तर, त्यामुळे हिशेब आला की मला गप्प बसवत नाही. दुपारी मा. ओसरीवर दावं वळत होते. सहज विचारल्यासारखं केलं, "मामंजी, चांगल्या जोडीला हल्ली काय पडतं हो?"

"दीडशे. लई झालं तर दोनशे."

हा भाव लढाईच्या आधीचा. मी परकरी वयाची असतानाचा! पण त्याहून मोठा किडा डोक्यात शिरलाय तो हा: ज्या माणसाला जोडी दोनशेची वाटते, त्याने सौदा सातशेला केला कसा?

१३-११-५६

कळलं. अर्धंच, पण कळलं.

बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. दोघे समोरासमोर उभे राहतात, हातावर रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली बोटं धरून भाव करतात. आजूबाजूला माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांनाच ठाऊक. एवढं मलाही माहीत होतं. आत्याबाईंनी आज चुलीपुढे माझा हात पदराखाली घेऊन दाखवलं. पूर्ण पंजा धरला म्हणजे पाच. वर दोन बोटं धरली म्हणजे सात. शेकडा की दहा, ते जनावर बघून कळतं.

"तुम्हाला कसं येतं?"

"लगीन झालं तवा माज्याच हातावर शिकल्यात त्ये," म्हणाल्या, आणि ह्या वयात लाजल्या. मला हसू आवरेना.

मग त्यांना सांगितलं ते दोनशेचं. त्या हलल्यासुद्धा नाहीत. म्हणजे त्यांना ठाऊक आहे. कधीपासून? "तुला नसत्या चौकश्या लई," एवढंच.

माझा अंदाज: भाव हाताला ठाऊक आहे, डोक्याला नाही. मंचरकराने पंजा आणि दोन बोटं धरली, हात म्हणाला बरोबर. नोटा वर आल्यावर डोकं म्हणालं, अगं बाई, हे काय! माणूस एकच, आणि आत दोघे जण वेगवेगळ्या सालात राहतात. कुणाला सांगितलं तर मलाच वेड्यात काढतील.

२५-११-५६

मा. वर नजर ठेवून आहे. (चोरासारखं वाटतं, पण राहवत नाही.) सकाळी विचारलं की सगळं चोख. तिसऱ्या प्रहरी तोच प्रश्न विचारला की चिडतात किंवा हसून टाळतात. तीस वर्षांपूर्वी विकलेल्या बैलाच्या कपाळावरचा भोवरा सांगतात, काल कुणाचा बैल विकला ते नाही. भाजीत मीठ कमी पडलेलं कळतं, जेवलो की नाही ते कधी कधी कळत नाही.

टाळायची तऱ्हा मात्र काय! नाव आठवलं नाही की "काय पाटील!" म्हणून पाठीवर थाप. समोरचा खूष. अर्ध्या बाजाराला पाटील करून ठेवलंय.

९-१२-५६

रोजावरची म्हातारी भागूबाई आली होती उफणायला. तिचंही तसंच, कदाचित जास्तच. सूप हातात घेतलं की वाऱ्याची दिशा बरोब्बर धरते, दाणा एक सांडत नाही. पण घरी जाताना वाट चुकते. कुणीतरी पोहोचवतं. गेल्या आठवड्यात मला तिची मेलेली नणंद समजून चांगली खडसावली, मी मुकाट ऐकून घेतलं.

आत्याबाईंना म्हटलं, भागूबाईचं कुणी काही बोलत नाही, असं कसं?

"तिच्याकडं हाय काय जायाला?"

दिवसभर हेच डोक्यात. तिच्या विसरण्याने कुणाचं काही जात नाही, म्हणून ते विसरणं कुणी मोजतच नाही. आमच्याकडे पाचशे गेले तेव्हा कुठे मी जागी झाले. तेही मोजलं म्हणून. पैसा नसता तर आम्हालाही वर्षं-दोन वर्षं पत्ता लागला नसता. मग श्रीमंताला हा रोग जास्त होतो का? छे. श्रीमंताचा दिसतो लवकर. पण दुसरी बाजूही आहे. भागूबाई उन्हातान्हात, अर्धपोटी, जन्मभर. तिचं डोकं आमच्या आधी दहा वर्षं गेलं असेल आणि कुणी बघितलंच नसेल. मलाही ते आत्ता सुचतंय, तिची चार वर्षं उफणणी घेतल्यावर. लाज वाटली.

२१-१२-५६

वैद्य येऊन गेले. वात. डोक्याला ब्राह्मीचं तेल, पोटात तूप. मा. नी त्यांनाही पाटील केलं.

ह्यांचं म्हणणं वेगळं. म्हणतात, रस्त्यावर ट्रक आले, कारखाने आले, लोक बैल कमी घेतात. दलाली बसली, हाताला काम नाही, म्हणून आबांचं डोकं बसलं. आत्याबाई म्हणतात उलटं. आधी डोकं, मग दलाली. दोन वर्षांपूर्वीच गिऱ्हाईक तुटायला लागलं. एकाचा बैल दुसऱ्याला सांगायचे, सांगितलेला वार चुकवायचे. लोक तोंडावर बोलले नाहीत, दुसऱ्या दलालाकडे गेले. आम्ही समजलो बाजार मंदावला.

म्हणजे पैसा गेला म्हणून बुद्धी गेली, की बुद्धी जात होती म्हणून पैसा? दोघेही छातीठोक सांगतात. मला दोन्ही पटतं. तिसरंही आहे: एक थोडं गेलं की दुसरं थोडं जातं, मग पुन्हा पहिलं. पण सुरुवात कुठे? ते कोण सांगणार.

५-१-५७, शनि.

आज मेथीच्या निमित्ताने बाजारात गेले आणि बैलबाजाराच्या कडेला उभी राहिले. मा. ना बघायचंच होतं. फेटा, खांद्यावर तो लाल काठाचा रुमाल. कुणा शेतकऱ्याच्या वतीने उभे. रुमाल पडला. चेहरा एकदम दगड. समोरचा घामाघूम झाला, मान हलवतोय, हात काढून घ्यायला बघतोय. मा. सोडेनात. मग दोघे एकदम हसले, हात सुटला. झाला सौदा. काय रुबाब होता! असा माणूस घरी जेवल्याचं विसरतो?

बाजूला म्हादूआप्पा होते, दुसरे दलाल. मा. चे जन्माचे सोबती. पैसे मोजायची वेळ आली तसे म्हादूआप्पा पुढे झाले, "रावजी, तू बस, मी बघतो." आणि मा. बसले. म्हणजे म्हादूआप्पांनाही ठाऊक आहे. सांभाळून घेतात बिचारे. बरं वाटलं.

१४-१-५७

संक्रांत. मा. नी मला तीनदा तिळगूळ दिला. तिन्ही वेळा घेतला.

१६-२-५७, शनि.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

आमची भोसरीला चार एकर आहे, मा. च्या आजोळकडून आलेली. कोरडवाहू. आजवर तिच्यात हुलगा सोडून काही झालं नाही. पण पिंपरीचा कारखाना झाल्यापासून त्या बाजूच्या रानाला भाव यायला लागलाय. ह्या घरात सोनं म्हणावं तर तेवढंच. ह्यांचं कधीपासून चाललंय, की चांगल्या भावाला देऊ, नऊशे-हजार एकरी आले तर इथे चाकणच्या मळ्यात विहीर पाडू. विहीर झाली की बागाईत, मग कारखान्याची पाळी आणि सायकल दोन्ही सुटेल.

दुपारी म्हादूआप्पा एका पुण्याच्या शेटला घेऊन आले. हे कामावर. मी चहा केला. शेट रानाबद्दल गोड बोलत होता. मी आत कप विसळतेय तोवर बाहेर एकदम शांत झालं. डोकावून बघते तर मा. आणि शेटच्या वतीने म्हादूआप्पा समोरासमोर आणि हातावर रुमाल!

रानाचा सौदा रुमालाखाली करतात का कुणी? बैल आहे का तो? पण त्या दोघांनी तीस वर्षं जे काही ठरवलं ते असंच ठरवलं. मी "आत्याबाई!" म्हणून हाक मारेपर्यंत हात सुटलेसुद्धा. सौदा पक्का झाल्याचा विडा दिला, घेतला. शेट हसत हसत गेला.

आत्याबाईंनी विचारलं, "कितीला दिलं?"

मा. म्हणाले, "रुमालाखालचं बायकांनी इचारायचं नसतं." आणि खुशीत तंबाखू मळत बसले.

१७-२-५७

सकाळी हे आले, ऐकलं, सायकल भिंतीला आदळली. मग जरा शांत होऊन आबांपुढे बसले.

"आबा, भोसरीचं रान कितीला ठरवलंत?"

मा. नी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हसून, "काय पाटील!" म्हणून ह्यांच्या पाठीवर थाप मारली.

आपल्या मुलाला. मला रडूच आलं, चुलीच्या धुराचं निमित्त केलं. हे उठून मागच्या दारी गेले ते जेवायलाच आत आले. किती गेलंय ते ह्यांनाही आज कळलं.

२४-२-५७

म्हादूआप्पा म्हणतात सहा. एकरी सहाशे. "पंजा आन् वर एक बोट. रावजीनं आनंदानं धरलं."

सहाशेला विहीर तर सोडाच, रहाटसुद्धा उभा राहणार नाही. हे म्हणतात म्हातारा लबाड आहे, शेटने त्याला दलालीचं बोट लावलंय. असेलही. पण मी त्यांना बाजारात बघितलंय, मा. ना कसं सांभाळून घेत होते. तो माणूस असा करेल? की जो कमजोरी जाणतो तोच असं करू शकतो? माझं मन दोन्हीकडे धावतं.

गंमत (गंमत कसली, कर्म माझं!) अशी की आकडा दोघांनाच ठाऊक असतो, आणि त्यातला एक विसरलाय. उरला एक. तो सांगेल ती पूर्व दिशा.

३-३-५७

घरात तीन मतं.

हे: कागद नाही, सही नाही. सरळ नाही म्हणून सांगू. शेट काय कोर्टात जाणार आहे?

आत्याबाई: कोर्ट न्हाई जात, पर बाजार हाय. रुमालाखालचा शब्द फिरवला तर तुज्या मामंजींचं नाव संपलं. पन्नास वर्षांत त्यांनी शब्द फिरवला नाही.

बाजाराच्या पंचांपैकी एकजण वाटेत ह्यांना म्हणाले ते तिसरं: ज्याला आपला सौदाच आठवत नाही, त्याचा सौदा बाजार मानत नाही. मोडला म्हणून समजा. पण त्याने चारचौघांत तसं सांगायला हवं. आणि एकदा सांगितलं की त्याचा हात परत कुणी धरत नाही.

म्हणजे रान सहाशेला घालवा, नाहीतर मा. ना खोटं ठरवा, नाहीतर वेडं. निवडा.

हे वेडं ठरवायला तयार झालेत. म्हणाले, "आज ना उद्या कळणारच आहे. निदान रान तरी वाचेल." आत्याबाई दोन दिवस त्यांच्याशी बोललेल्या नाहीत. मी? मला रान पाहिजे. आणि मा. रुमाल टाकून उभे राहतात तेही पाहिजे. असं कुठे होतं का.

१-४-५७

पाडवा, आणि आजच सरकारचे नवे पैसे सुरू. सगळ्या चाकणचं डोकं फिरलंय! आण्याचे सहा पैसे, पण चार आण्यांचे पंचवीस. मग एक पैसा गेला कुठे, म्हणून वाण्याच्या दुकानात मारामारी व्हायची वेळ. जो तो बोटं मोजतोय, पुटपुटतोय, चुकतोय, परत मोजतोय. इथले शाळेचे मास्तरसुद्धा.

मा. दुकानाच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होते. मी गूळ घ्यायला गेले होते. मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, आज सगळ्या गावाला माजा आजार झालाय की गं."

आणि खदखदून हसले. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग घरी येताना एकदम थांबलेच. माजा आजार, म्हणाले. म्हणजे त्यांना ठाऊक आहे.

७-४-५७

मला राहवलं नाही. माझा तो जुना अंदाज, की भाव हाताला ठाऊक असतो. डोकं विसरलं तर हाताला विचारू! पण विचारणार कोण? सुनेने सासऱ्याचा हात धरायचा म्हणजे शिव शिव. ह्यांना मा. नी कधी रुमालाखाली घेतलंच नाही. उरल्या आत्याबाई.

त्या आधी मला मारायला उठल्या. मग सकाळी, मा. चं डोकं मोकळं असतं त्या वेळी, आपणच जाऊन समोर बसल्या. त्यांच्या खांद्यावरचा रुमाल काढला, दोघांच्या हातावर टाकला. "भोसरीचं रान," म्हणाल्या, "बोला."

मी दाराआड. हे माझ्या मागे. मा. चा चेहरा दगड झाला, बाजारात होतो तसाच. आत्याबाईंचे कान लाल.

हात सुटला. बाहेर येऊन म्हणाल्या, "पंजा, आन् वर चार."

नऊ! मी तर नाचायचीच बाकी होते. हे म्हणाले, परत विचार. परत विचारलं. परत नऊ. म्हणजे हात खरा, म्हादूआप्पा खोटे!

मग ह्यांनी माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. "अगं, ते त्या दिवशी ठरलेलं बोलले, की आज आईजवळ मागितलेलं? नव्याने सौदा केला असेल त्यांनी. नऊ मागितले, तिने मान्य केले. सौदा झाला!"

हुशार आहेत माझे यजमान, उगीच औषधं भरत बसलेत. हाताला भाव ठाऊक आहे, पण कुठल्या दिवशीचा ते हात सांगत नाही. माझा पाच महिन्यांचा अंदाज चुलीत.

आत्याबाईंना त्याचं काही नाही. त्या दिवसभर गुणगुणत होत्या.

१९-४-५७

पुढच्या शनिवारी पंच बसणार. शेटला अक्षय तृतीयेच्या आत खरेदीखत हवंय.

मा. सकाळी दाव्यांसाठी अंबाडी सोलत होते. मी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "बस. तू लिव्हतीस न्हवं वहीत?"

मेलेच मी. म्हटलं, "हो."

"माजं बी लिव्हतीस?"

"हो."

"बरं करतीस. मला वाचून दावू नगंस मातर." जरा वेळाने, "सकाळच्याला कसं, सगळी दारं उघडी असत्यात. दुपारी कुणीतरी एकेक लावत येतंय. मी आत, आन् मला दिसतंय त्यो लावतोय त्ये. पर कोन हाय त्येचं तोंड दिसत न्हाई."

मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाले, "आधी वाटायची. आता नवल वाटतंय." माझ्यासारखंच की! सासरा-सुनेचा स्वभाव असा जुळावा.

मग मी धीर करून म्हादूआप्पांचं काढलं. म्हटलं, ते सहा म्हणतात.

"म्हादू खोटं बोलायचा न्हाई. त्यो सहा म्हनत आसंल तर सहाच आसंल."

म्हणजे झालंच. पंचांपुढे मा. असं बोलले की रान गेलं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगवत नाही.

२६-४-५७

उद्या. ह्यांनी कारखान्यातून रजा घेतली. आत्याबाईंनी फेटा धुऊन वाळत घातला. ह्यांनी एकदाच विचारलं, "तुला काय वाटतं, मी आबांचा शत्रू आहे?" मी नाही म्हटलं. खरंच नाही वाटत. विहीर कुणाला नको असते?

२७-४-५७, शनि.

आल्या आल्या वही काढली, अक्षर वाईट येणार.

बाजार उठत आल्यावर पंच बसले, बाजारतळावर लिंबाखाली. आत्याबाई आणि मी कांद्याच्या ढिगाशेजारी बसलो, घ्यायला आल्यासारख्या. माणसं ही गर्दी! शेट खुर्ची मागवून बसला होता. दुपार टळलेली. मा. ची वाईट वेळ. मी मनात म्हटलं, ही वेळ ठरवली कुणी?

म्हादूआप्पांनी सांगितलं, पंजा आन् वर एक. आवाज बसका होता त्यांचा. मा. कडे बघत नव्हते.

पंच म्हणाले, "रावजी, सहाला दिलंस?"

हे जागेवरून अर्धे उठले, आत्याबाईंनी लांबूनच असं काही बघितलं की परत बसले. मा. नी म्हादूआप्पांकडे बघितलं. शेटकडे बघितलं. गर्दीतून फिरत फिरत नजर कांद्याच्या ढिगापर्यंत आली, आम्ही दिसलो का नाही, देव जाणे. मला वाटलं, आता पाटील करणार पंचांना.

मा. म्हणाले, "आठवत न्हाई."

पंचांनी परत विचारलं, "काय म्हनलास?"

"मला आठवत न्हाई. कितीला दिलं, कवा दिलं, दिलं का न्हाई. हल्ली मला काईच आठवत न्हाई." स्वच्छ, मोठ्याने, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं. मग खांद्यावरचा रुमाल काढला, घडी घातली, आणि पंचांच्या पुढ्यात ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं.

शेट उठून तावातावाने बोलायला लागला. त्याच्याकडे कुणी बघेना. म्हादूआप्पा हातांकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "मला तर सहा आठवतंय." जरा थांबून, "पर मी बी रावजीच्याच वयाचा हाय."

लाज वाटून म्हणाले, की खरंच शंका आली म्हणून? मी तिथेच होते आणि मला कळलं नाही.

पंच म्हणाले, शेटशी बोलून पुढच्या शनिवारी सांगतो. रान वाचल्यासारखं आहे. वाचलं असं कुणी म्हणालेलं नाही.

घरी येताना हे आबांचा हात धरून चालत होते, रस्ताभर. ह्यांना मी रडताना पहिल्यांदा बघितलं. आत्याबाई मागून म्हणाल्या, "नीट धर, ठेच लागंल." दोन महिन्यांनी लेकाशी बोलल्या.

२८-४-५७, रवि.

सकाळी उठल्यापासून एकच डोक्यात. नऊ-दहा दिवसांपूर्वी ह्याच माणसाने मला सांगितलं होतं, म्हादू म्हणेल ते सहाच असेल. ते काल विसरले? की काल त्यांना सगळं आठवत होतं, आणि रान राखायचं तर आता नाव टाकायला हवं एवढा हिशेब करून बोलले? तसं असेल तर एवढा मोठा सौदा त्यांनी जन्मात केला नसेल. आणि तसं नसेल तर... तर नुसतं दुपारी दार लागलं होतं.

ह्यांना विचारलं. म्हणाले, "सोड ना." आत्याबाई म्हणाल्या, "दोनी सारकंच." मला सारखं नाही वाटत. मुळीच नाही.

मा. मागच्या अंगणात उन्हाला बसले होते. खांदा मोकळा, बघवत नव्हतं. वेळ सकाळची. मी जाऊन समोर बसले आणि विचारलंच.

"मामंजी, काल खरंच आठवत नव्हतं, की आमच्यासाठी तसं म्हणालात?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. ओळखून बघितलं, हे मी शपथेवर सांगेन.

"सूनबाई," म्हणाले, "ह्येचं उत्तर मला आज ठावं हाय. तू उद्या इचार."

आणि हसायला लागले. मी किती विनवलं, काही केल्या सांगेनात.

उद्या सोमवार. सकाळी लवकर विचारावं, की विचारूच नये?